मोर कोणाच्या हातचा

विजय नगर, जबलपूर
१२ नोव्हेंबर २०२४

दादास शकूचा नमस्कार.

तुझं पत्र ऐन दिवाळीच्या फराळात आलं, म्हणून उत्तराला उशीर. मी चौथी पास बाई, अन् तू मला पत्रं लिहायला लावून राहिला. फोन नको म्हणे, शकू फोनवर "बरं चल ठेवते" म्हणून ठेवून देते. ठेवतेच. सकाळी कारखान्याच्या माणसांचे बावीस डबे जातात माझे, गॅसवर भाजी असते, तुझे खोकले ऐकत बसू का?

तर काम काय, तर बाबांनी जबलपुरात ज्या ज्या जुन्या घरांवर चुन्याची नक्षी केली, त्यांच्या समोरच्या बाजूचे फोटो काढून पाठवायचे. वा रे वा. एक्क्याऐंशी साली घर सोडून आर्वीला पळालास. बाबा गेले तेव्हा तेराव्याला आला, दोन दिवस राहिला, अन् ओमती मोहल्ल्याच्या बाजूला फिरकला नाही. ऑटोवाल्याला म्हणालास, भैया दूसरे रस्ते से लो. माझ्या लक्षात आहे. आता एकदम भिंतींचा पुळका काहून आला?

तरी परवा गेले. ह्यांना सोबत घेतलं, म्हणजे रत्नाकररावांना, नाहीतर तू म्हणशील ह्यांना कोण. कमानिया फाटकाच्या अलीकडे ते सिंहाचं घर आहे ना, तिथं सांगितलं की फोटो पाहिजे. घरचे लोक इतके खूश झाले की लग्नातल्यासारखे कपडे घालून रांगेत उभे राहिले. म्हातारीला खुर्ची दिली. फोटो तुझ्या सुनेच्या, अवंतीच्या मोबाईलवर टाकला आहे.

अन् एक विचारते, तुझं अक्षर एवढं सुरेख कधीपासून झालं? आधी तर कोंबडी चालून गेल्यासारखं असायचं.

शकु

•

आर्वी
२२ नोव्हेंबर २०२४

शकू,

हात थरथरतो आता, म्हणून मी सांगतो आणि सूनबाई लिहिते. अक्षर अवंतीचं आहे. तुझं समाधान झालं असेल.

तुझ्या फोटोत सतरा माणसं आहेत आणि घर नाही. घराचा फोटो म्हणजे घरच्यांचा फोटो नव्हे, बाई. माणसांना हात जोडून बाजूला कर. सकाळी नऊच्या आसपास जा. ऊन तिरपं पडतं तेव्हा नक्षी उठून येते. दुपारी गेलीस तर सगळं पोळपाटासारखं सपाट दिसेल. समोरून घे, मग दोन्ही बाजूंनी घे.

आणि मोबाईलची काच लहान असते. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर काय दिसतं ते लिहून पाठव. वरून सुरुवात कर, खाली उतर. काही सोडू नको.

ओमतीतल्या मोराच्या कोठीचा फोटो सगळ्यात आधी पाहिजे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला तीन कमानी आहेत. मधल्या कमानीवर मोर आहे का, ते पाहा. असला तर कसा आहे, ते लिही.

मुरलीधर

•

विजय नगर
३ डिसेंबर २०२४

दादा,

घे. तीन घरं केली. डबे देऊन नऊला निघत होते, अकराला परत. रत्नाकरराव म्हणतात, पेन्शन मला लागली अन् नोकरी तुला.

सिंहाचं घर पुन्हा केलं. ह्या वेळी सगळ्यांना आत कोंडलं. म्हातारी रुसली. वरून सांगते. सगळ्यात वर कंगोरे आहेत, मधात मडकी बसवल्यासारखी. त्याच्याखाली दोन सिंह, समोरासमोर. आयाळीचे केस असे गोल गोल की जशा चकल्या पाडून ठेवल्या. जीभ बाहेर. एकाला मिशी आहे, दादा! सिंहाला मिशी! मी इतक्या वर्षांत हजार वेळा त्याच्याखालून भाजी घेऊन गेले, कधी मान वर केली नाही. दाराच्या कमानीची कड पाहिली तर ती अगदी करंजीची मुरड. एक मुरड लहान नाही की मोठी नाही. मी तीस वर्षं करंज्या करून राहिली, मला नाही जमत तशी.

दुसरं घर गल्लीतलं, आता खाली चष्म्याचं दुकान आहे. वर पंखांची बाई हार धरून उडते. नऊवारीत आहे अन् पायात बूट. कोणी सांगितलं असेल बाबांना, परी काढा, बाबांनी परी कधी पाहिली? त्यांनी आपली एक बाई उडवून दिली. मी रस्त्यात उभी राहून एवढी हसले की चष्मेवाला बाहेर आला. "क्या हुआ, दीदी?" म्हटलं, वर पाहा. तोही पाहतच राहिला. अठरा वर्षं दुकान आहे त्याचं.

आता तुझी मोराची कोठी. पहिल्यांदा तर काही दिसेना. विजेच्या तारा, एसीची मशीन, दुकानाचा मोठा बोर्ड. मग नऊला गेले तेव्हा ऊन आलं, अन् दिसला. आहे मोर. मधल्या कमानीवरच आहे. मान मागे वळवून आपल्याच पिसाऱ्याकडे पाहतो. जशी बाई आरशासमोर पाठीची गाठ पाहते, तसा. पिसारा कमानीवरून दोन्हीकडे खाली उतरतो. हिरवा डिस्टेंपर फासला आहे, दरसाल दिवाळीला फासतात, तरी लपत नाही. मी घरी जायचं सोडून किती वेळ खालीच उभी राहिले. काहून ते माहीत नाही.

बाबांच्या हाताची सर कोणाला नाही, एवढं खरं. तोडच नाही. तू राग धरून बसला, पण माणूस काय कारागीर होता!

कोठीच्या सेठची सून आहे, रोशनी. चांगली पोरगी आहे, वर बोलावून चहा दिला. तिनं सांगितलं की होळीनंतर सेठ समोरच्या बाजूला सगळा चकचकीत पत्रा अन् काचा ठोकणार आहे. दुकान मॉलसारखं दिसलं पाहिजे. "बाबूजी किसी की नहीं सुनते," म्हणे.

फोटो मोठ्या कागदावर काढून सोबत पाठवते. आता काच लहान म्हणू नको.

शकु

•

आर्वी
१४ डिसेंबर २०२४

शकू,

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. मिशीचा सिंह मला आठवतो. ती मिशी बाबांनी घरमालकाची काढली होती, त्याला कधी कळलं नाही.

आता तुला एक सांगतो, जे मी कोणाला सांगितलं नाही. तू तेव्हा तिसरीत होतीस.

मोराच्या कोठीचा जुना मोर पावसात पडला होता. काम बाबांना मिळालं. पण त्यांना पाटनला एका मंदिराचं काम होतं, पंधरा दिवस. मी एकोणीस वर्षांचा होतो. मला म्हणाले, तू चुना भिजव, मी येऊन मोर करीन. मी थांबलो नाही. मी एकट्यानं मोर केला. मान मागे वळलेली मी केली, शकू. जुना मोर सरळ पाहत होता.

बाबा आले. खाली रस्त्यात उभे राहून पाहिलं. सेठ होता, मजूर होते, पानवाला होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा मोर आहे का कोंबडी? उद्या काढून टाकतो." मी पालखीवरून उतरलो, त्या संध्याकाळच्या गाडीनं निघालो. पालखी म्हणजे बांबूची परांची, तू विसरली असशील. त्यानंतर मी तो रस्ता पाहिला नाही. काढलेला पाहायचा नव्हता.

आता तू लिहितेस की मोर आहे, आणि बाबांचाच आहे. मान वळलेली आहे म्हणतेस. माझी पाहून त्यांनी पुन्हा केली असेल. त्यांना माझं काही आवडलं तर ते आपल्या हातानं पुन्हा करायचे, तशी सवयच होती. का माझाच ठेवला? मला एवढंच कळलं पाहिजे. पत्रा ठोकायच्या आत.

ओळखायची खूण आहे. बाबा डावखुरे होते. पिसांच्या चिरा पाहा. उजव्या हाताची चीर वर उजवीकडून निघते आणि खाली डावीकडे येते. डाव्या हाताची उलटी. चिरा कोणत्या बाजूला झुकतात ते पाहून लिही.

मुरलीधर

•

विजय नगर
२६ डिसेंबर २०२४

दादा,

एवढी गोष्ट पोटात घेऊन त्रेचाळीस वर्षं बसला. मला काय, मी लहान होते, मला सांगितलं की दादा नोकरीला गेला.

पण एक सांग. मी पदरचे रुपये घालून हे एवढे मोठे फोटो पाठवले, पोस्टात रांग लावून. त्यात मोर हाताएवढा आहे. अन् तू मलाच विचारतो चिरा कुठं झुकतात! तू सगळी जिंदगी हेच काम केलं, मी पोळ्या लाटल्या. चष्मा लाव अन् पाहून घे. का तोही मीच येऊन लावू? फोटोही मी काढू, लिहूही मी, अन् पाहूही मीच? मग तू काय करशील, बसल्या बसल्या पत्ता सांगशील?

माझ्या डोळ्यांना तर तिथं हिरवा रंगच दिसतो. चिरा बुजल्या आहेत.

शकु

•

आर्वी
२ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना अवंतीचा नमस्कार.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहीत आहे. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पण चष्म्याची ओळ गाळली. ती मला वाचता आली नाही.

आत्या, बाबांना दिसत नाही. काचबिंदू होता, आम्हाला उशिरा कळलं. गेल्या चैत्रापासून उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणाले, शकूला कळलं तर ती दया करेल, आणि दया करणारी शकू मला नको, भांडणारी हवी.

तुमचे फोटो ते मांडीवर घेऊन बसतात. कागदावरून हात फिरवतात. कागद तर गुळगुळीत. मग म्हणतात, वाच, शकूनं काय लिहिलंय. चकल्यांची आयाळ आणि बूट घातलेली परी मी इतक्यांदा वाचली आहे की मला पाठ झाली. हसतात. पण "बाबांच्या हाताची सर कोणाला नाही" ही ओळ आली की तोंड फिरवतात.

तुम्हाला इतक्या उशिरा सांगितलं म्हणून मला रागावू नका.

तुमची
अवंती

•

विजय नगर
२० जानेवारी २०२५

दादा,

अवंतीनं मला सगळं कळवलं. तिला एक शब्द बोललास तर याद राख.

दया बिया मी करत नाही. मला राग आला आहे. बहिणीला सांगायला लाज वाटली? मी तुला आंधळा म्हणून चिडवलं नसतं. म्हणजे चिडवलं असतं, पण आधी रडले असते. चष्म्याचं जे लिहिलं ते पुसून टाक. अवंती, हे वाच, गाळू नको.

चलो, आता कामाचं.

अवंतीचं पत्र आल्या दिवशी कोठीत गेले. रोशनीला म्हटलं, मला गॅलरीत शिडी लावू दे. ती म्हणे, "चाची, गिर जाओगी." म्हटलं, गिरूंगी तो तेरे ही बरामदे में गिरूंगी, बाहर नहीं. सेठ दुकानात होता, वर नव्हता. रत्नाकररावांनी शिडी धरली अन् सारखं म्हणत राहिले, "बस झालं, उतर." मी नाही उतरले.

जवळून पाहिला, दादा. खालून दिसतो त्याच्या दुप्पट आहे. डोळ्याच्या जागी काळ्या काचेचा मणी आहे. चोचीत एक दाणा आहे, तो खालून दिसतच नाही. कोणासाठी केला होतास रे तो दाणा? कोण चढून पाहणार होतं?

रंग काढायला मी सुरी नेली होती. मग आठवलं, लहानपणी मी भिंतीचा चुना खरवडला तर बाबा ओरडायचे, लोखंड लावू नको. म्हणून पाणी मारलं. फडकं ओलं करून लावून ठेवलं, एक डबा पोचवून आले, परत आले. रंग फुगला. बांबूच्या काडीनं थोडा थोडा उचलला. तीन दिवस गेले. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली गुलाबी. त्याच्याखाली चुना. दादा, तो चुना हाताला संगमरवरासारखा लागतो. थंड. मला वाटलं, असं काम आपल्या घरचा माणूस करून गेला अन् आम्ही त्याच्यावर डिस्टेंपर फासू दिला.

रोशनी शेजारी येऊन उभी राहिली. मोबाईलनं तिनं अठ्ठावीस फोटो काढले. मग सासूला बोलावलं. सासू म्हणे, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याच्याखाली पापड वाळवते, मला वाटलं फुलं आहेत.

चिरा पाहिल्या. उजवीकडून वर, डावीकडे खाली. सगळ्या. मी बोट ठेवून ठेवून पाहिलं. तुझा मोर आहे. बाबांनी काढला नाही.

शकु

•

आर्वी
३० जानेवारी २०२५

शकू,

पत्र मिळालं.

तू चांगली आहेस. पण आंधळ्या माणसाचं मन राखायला बायका काय काय बोलतात, ते मी इथं वर्षभर ऐकून राहिलो. शेजारची बाई मला रोज सांगते, तुमचा चेहरा किती ताजा दिसतो. तू डिसेंबरात लिहिलंस बाबांचा. अवंतीचं पत्र गेलं, आणि जानेवारीत माझा झाला.

तू एवढी शिडीवर चढलीस, त्याचं मोल मी विसरणार नाही. आता पुरे कर. होळी जवळ आली. पत्रा ठोकू दे त्यांना.

मुरलीधर

•

विजय नगर
१८ फेब्रुवारी २०२५

दादा,

मला खोटारडी म्हणालास. बरं.

मी सासूला तोंडावर सांगितलं की तुमच्या आमटीला चव नाही. नणदेच्या नवऱ्याला लग्नात सांगितलं की तुमचं टक्कल फोटोत चमकते. बाबांना आजारपणात सांगितलं की तुम्ही दादाला पत्र लिहा, तुमचीच चूक असेल. अन् मी तुझं मन राखायला खोटं बोलणार? तुझं मन एवढं मोठं लागून गेलं?

डिसेंबरात मी खालून पाहिलं, मला वाटलं बाबांचा, मी लिहिलं. ती चूक होती. जानेवारीत जवळून पाहिलं, मग खरं लिहिलं. बस.

पण तुला हातानंच पाहिलं पाहिजे, तर घे.

आधी मी मिठाची कणीक मळली, तेल लावून मोराच्या पंखावर दाबली. मला वाटलं, आयती ठसली. काढून उन्हात ठेवली तर तिला भेगा पडल्या, अन् दुसऱ्या दिवशी मुंग्या. रत्नाकरराव म्हणे, आर्वीला मोर पाठव, मुंग्या कशाला? मग मी दुर्गेच्या मूर्ती करणाऱ्या प्रजापती भैयाकडे गेले. ते लोक देवीचा चेहरा साच्यातून काढतात, मला माहीत होतं. त्याला कोठीवर आणलं. त्यानं वर पाहिलं अन् चप्पल काढली, दादा. देऊळ नाही काही नाही, भर बाजारात. मग म्हणाला, "बहनजी, जिसने गर्दन ऐसे मोड़ी, वो मस्ती में था." हे मी माझ्या मनाचं नाही लिहून राहिली, त्याचे शब्द आहेत.

त्यानं साबणाचं पाणी लावून मऊ मातीचा साचा घेतला, तुकड्या तुकड्यानं. सेठ मधातच वर आला. "ये क्या हो रहा है मेरे घर में?" म्हटलं, सेठजी, तुमच्या घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदा काही चांगलं होऊन राहिलं, गप उभे राहा. रोशनी तोंडात पदर घालून हसत होती. सेठनं पाहिलं, रंग निघालेला मोर पाहिला, अन् खरंच गप उभा राहिला. मग खुर्ची मागवली.

साच्यातून प्लास्टरचे दोन तुकडे काढले. एक रोशनीनं ठेवून घेतला. एक तुझा. मान, एक पंख अन् पिसाऱ्याचा खालपर्यंतचा भाग आहे. गोधडीत गुंडाळून कुरियरनं पाठवते. गोधडी परत पाठव, ती आईची आहे.

हात धुऊन बस अन् पाहा. मग मला खोटारडी म्हण.

शकु

•

आर्वी
३ मार्च २०२५

शकू,

गोधडी सोबत पाठवतो.

तुकडा आला त्या दिवशी मी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आधी मान पाहिली. मग पंख. चीर जिथं सुरू होते तिथं खोल असते, संपते तिथं बारीक. बोटाला ते लगेच लागतं. पंखाच्या सगळ्या चिरा वर उजवीकडून सुरू होतात. माझ्या आहेत. मला माझी घाईसुद्धा लागली, तिसऱ्या पिसाला मी करणी, आपली चुन्याची थापी, नीट पुसली नव्हती, तिथं खडा ओढला गेला आहे. तू खोटं बोलली नाहीस. मी तुझी माफी मागतो. पुन्हा मागणार नाही, तेव्हा नीट वाचून घे.

मग मी खाली पिसाऱ्याकडे गेलो. शेवटची चार पिसं निराळी लागली.

ती माझी नाहीत. चुना निराळा आहे, जास्त घोटलेला, माझ्यापेक्षा चांगला. तिथं पाणी मुरून तुकडा पडला असेल, पाच-दहा वर्षांनी, आणि कोणी तरी पुन्हा भरला. चिरा माझ्यासारख्याच झुकलेल्या आहेत, उजव्या हाताच्या. पण पहिल्या पिसाची चीर थरथरते. मधात थांबते, पुन्हा सुरू होते. दुसऱ्याची थोडी कमी. चौथ्यापर्यंत सरळ झाली आहे. मला वाटलं, कोणी शिकाऊ पोरगा असेल. पण शिकाऊ पोरगा असा चुना घोटत नाही.

आणि चारही पिसांच्या टोकाला खळी आहे. अंगठ्यानं दाबलेली. जबलपुरात ती सवय एकाच माणसाला होती. मी ती कधी केली नाही, मुद्दाम.

शकू, बाबांनी ती चार पिसं उजव्या हातानं केली. डाव्या हातानं केली असती तर अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि त्यांच्यासारखं कोणी केलं नसतं. पण मग चिरा उलट्या झुकल्या असत्या आणि माझ्या कामाला ठिगळ दिसलं असतं. साठीच्या आसपासचा माणूस, शिडीवर उभा राहून उलट्या हातानं शिकला.

मी दुपारभर त्या चार खळ्यांमध्ये माझा अंगठा ठेवून बसलो होतो. बसतो त्यात. बरोबर बसतो.

मी कोंबडी शब्द धरून बसलो.

मुरलीधर

•

विजय नगर
२९ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं अन् मग खाली बसले. त्या दिवशी डबे पाऊण तास उशिरा गेले. कारखान्यातून फोन आले.

रत्नाकररावांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, हो, नव्वद-एक्क्याण्णवमधे तुझे बाबा उजव्या हाताला हळद लावून बसले होते, म्हणे मनगट भरून आलं. ह्यांना वाटलं पडले असतील. विचारलं तर बाबा म्हणाले, "एका पोराचं काम करून आलो." ह्यांनी कोणत्या पोराचं, ते विचारलं नाही. माझा नवरा असाच आहे. पस्तीस वर्षं ते ह्यांच्या डोक्यात पडून होतं अन् मला आत्ता सांगून राहिले. मी जे बोलायचं ते बोलले त्यांना.

होळी झाली. पत्रा चढला, पण खालच्या दुकानावर फक्त. गॅलरी उघडी ठेवली. सेठ लोकांना सांगतो की त्यालाच सुचलं. खरं तर त्याच्या बायकोनं सांगितलं, माझ्या पापडाला ऊन पाहिजे, काच लावाल तर मी मायक्याला जाते. कसं का असेना. सकाळी नऊला आता दोन-चार लोक तरी रस्त्यात थांबून वर पाहतात. चष्मेवाला आपल्या गिऱ्हाइकाला पाठवतो, जा, मोर पाहून या, नवीन नंबर बरोबर आहे का ते कळेल.

रोशनीनं आपला तुकडा दुकानात गल्ल्याच्या मागे लावला. त्याच्याखाली पितळेची पट्टी करते म्हणाली, कारागिराचं नाव पाहिजे. "चाची, किसका लिखूँ? आपके पिताजी का, या भाई का?" मी म्हटलं थांब, विचार करू दे. घरी आले. दोन पोळ्या करपल्या.

दोघांचं लिहावं म्हटलं. पण बाबांना स्वतःचा हात दिसू द्यायचा असता तर डावा वापरला असता. त्यांनी लपवलं ते मी पितळेवर काहून उघडं करू? अन् एकट्या तुझंच लिहावं तर मन होईना. चार पिसं त्यांची आहेत, अन् चांगली आहेत.

मग मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, माझ्या भावाचं लिही. कागदावर मी स्वतः लिहून दिलं, आपल्या घरी जसं लिहितात तसं पूर्ण. मुरलीधर रामराव निंभोरकर.

तिनं वाचलं. "भाई तो मुरलीधर हैं ना? बीच में ये रामराव कौन?"

म्हटलं, हमारे में ऐसा ही रहता है, बेटी. आगे बेटे का नाम, बाप उसके पीछे खड़ा.

शकु